डाग दिसला म्हणजे पाळी आली असं नाही



विषय जाहीर झाल्यावर पुरुष फिरकणार नाहीत असं वाटलं होतं. बरेच आलेत, बरं वाटलं.

‘बाळ सात महिन्यांचं आहे, दुसऱ्याची वाट बघतोय, पण पाळीचं गणितच जमत नाही. कधी नुसते डाग, कधी पंधरा दिवसांतच पुन्हा अंगावरून जातं.’ स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ही तक्रार नेहमीची. सोबतच्या सासूबाईंचं म्हणणंही ठरलेलं: ‘बाळंतपणानंतर व्हायचंच. बसेल घडी आपोआप.’ पुष्कळदा त्यांचं बरोबर असतं. पण सगळंच रक्त या एका वाक्यात बसवलं की घोळ होतो.

बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे स्राव जातो. आधी लाल, मग तपकिरी, शेवटी पिवळसर. ती पाळी नव्हे. पुढचा कारभार बाळाच्या दूध पिण्यावर चालतो. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक बीजकोशाला दाबून ठेवतं. बाळ वरचं खाऊ लागलं, रात्रीचं पिणं कमी झालं, की हा दाब सैल होतो, तोही एकदम नाही. कधी बीज सुटतं, कधी गर्भाशयाचं अस्तर वाढूनही बीज सुटतच नाही आणि ते अस्तर वेडंवाकडं गळतं. अशा रक्तस्रावाची तारीख धरून पुढचे दिवस मोजण्यात अर्थ नसतो.

आता महत्त्वाचं. बीज पाळीच्या आधी सुटतं. म्हणजे बाळंतपणानंतर एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. अंगावर न पाजणाऱ्या बाईला तर चौथ्या आठवड्यानंतर कधीही. म्हणून मूल हवं असताना अवेळी डाग दिसला, की ‘आली पाळी’ म्हणून गप्प बसू नये, आधी लघवीवर गर्भधारणेची तपासणी करावी. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं. गर्भ असेल तर तो डाग साधाही असू शकतो, गर्भपाताची सुरुवातही, आणि गर्भ गर्भाशयाऐवजी नळीतही असू शकतो. एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्यात कळ असं काही असलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. महिनोन् महिने रक्त थांबत नसेल तर वारेचा तुकडा राहिलाय का हे सोनोग्राफीत पाहावं लागतं. क्वचित वारेच्या पेशींचा कर्करोगही निघतो, आणि तो औषधांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

सिझेरियन झालेल्यांची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. काहींच्या टाक्यांच्या जागी गर्भाशयात आतून खाच राहते, तिथे पाळीचं रक्त साठतं आणि पाळी संपल्यावरही पाच-सहा दिवस तपकिरी झिरपत राहतं. काहींना त्यामुळे पुन्हा दिवस राहायला वेळ लागतो. क्वचित नवा गर्भ त्या जखमेतच रुजतो, ते धोक्याचं. म्हणून सिझेरियननंतर दिवस राहिले की लवकर सोनोग्राफी करावी.

‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्यांनाही डाग पडतात, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर बीज सुटायला बरेच महिने जाऊ शकतात. तो दोष बाईचा नव्हे. थायरॉइडही तपासून घ्यावं, बाळंतपणानंतरच्या वर्षात ते बिघडू शकतं.

आणि दुसऱ्या मुलाची एवढी घाई कशाला? ‘दोघं एकदम वाढतात’ हा हिशेब वाढवणाऱ्याचा, रक्त जातं तिचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत किमान २४ महिने सोडायला सांगते. वय पस्तिशीपुढे असेल, बाळ दगावलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांशी बसून ठरवावं. मुलगाच हवा म्हणून घाई असेल, तर मला काही बोलायचं नाही, कारण व्यासपीठावरून शिवी देता येत नाही. घाई नको याचं आणखी एक कारण: आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, त्या किती जणी पुऱ्या करतात?

पुरुषांनो, तिच्या रक्तस्रावाच्या तारखा कॅलेंडरवर तुम्हीही लिहा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो. आणि तासाला एक पॅड भिजायला लागला, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, ताप आला किंवा घेरी आली, तर वडीलधाऱ्यांचं मत विचारत बसू नका. १०८ ला फोन करा.