पौसानियसची पायपीट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज एका जुन्या प्रवाशाविषयी बोलायचं आहे. त्याचं नाव पौसानियस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा माणूस, बहुधा आजच्या तुर्कस्तानातल्या प्रदेशात जन्मलेला. ग्रीसवर तेव्हा रोमन सत्ता होती. पौसानियस गावोगाव फिरला. देवळं, पुतळे, थडगी आणि त्यांच्याभोवतीच्या कथा त्यानं ‘ग्रीसचं वर्णन’ या दहा भागांच्या ग्रंथात लिहून ठेवल्या.

त्यातली कितीतरी गावं तेव्हाच ओस पडली होती. मायसीनीत कोटाच्या भिंती आणि सिंहांचा दरवाजा उरला होता. अ‍ॅगमेम्नॉन राजाची कबर कोटाच्या आत आहे, असं त्यानं नोंदवलं. सतराशे वर्षांनी, १८७६ साली, श्लीमान या जर्मन संशोधकानं त्या शब्दांवर विश्वास ठेवून आत खणलं, तर सोन्याचे मुखवटे सापडले! ती थडगी ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाहून काही शतकं जुनी निघाली, ही गोष्ट वेगळी. पुढच्याच वर्षी ऑलिंपियाला, हेरा देवीच्या देवळात, हर्मीसचा संगमरवरी पुतळा मिळाला. पौसानियसनं सांगितलं होतं, तिथंच.

पण मला हा माणूस जवळचा वाटतो तो दुसऱ्याच कारणानं. क्रोनस देवाला पोटच्या पोराऐवजी घोड्याचं शिंगरू गिळायला दिलं, असल्या कथा त्याला आधी खुळचट वाटत. आर्केडियात पोचल्यावर त्याचं मत बदललं, आणि तसं त्यानं प्रांजळपणे लिहिलं. जुनी शहाणी माणसं कोड्यात बोलत असावीत, असं त्याला वाटू लागलं. लोक सांगतात ते सांगणं आपलं काम, सगळं खरं मानायलाच हवं असं नाही, हेही तो बजावतो.

आमच्या गावच्या दर्ग्यातले मुजावरचाचा उरसाच्या रात्री अशाच कथा सांगत. ऐकायला मराठे, धनगर, आम्ही, सगळेच बसलेले. रात्री वाघ येतो आणि पीरबाबांची कबर शेपटीनं झाडून जातो, असं चाचा म्हणाले. मी नुकताच बी.ए. झालेलो. विचारलं, ‘‘चाचा, वाघाला दुसरं काम नाही का?’’ सगळे हसले. चाचाही हसले. म्हणाले, ‘‘पोरा, वाघ झाडतो म्हटल्यावर माणसाला झाडू धरायची लाज वाटत नाही.’’

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. चाचांच्या बाकीच्या कथा मी लिहून घेतल्या नाहीत. ते गेले, त्यांच्याबरोबर कथाही गेल्या. आता माझ्या कवितेत वाघ येतो, पण एकटाच येतो.

श्रोतेहो, तुमच्या गावात देवळाच्या, दर्ग्याच्या, पडक्या वाड्याच्या गोष्टी सांगणारं एखादं म्हातारं माणूस अजून असेल. त्याच्याजवळ घटकाभर बसा. वाद घालू नका. पटलं नाही तरी लिहून घ्या.