भूल द्यावी, की जागे ठेवावे?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेले भाषण)



आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हेत. कलाशाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे सेवक. दोन्ही बाजू मांडून मगच फायलीवर शेरा लिहावा, एवढे आम्हांस ठाऊक. त्याच रीतीने आज एक प्रश्न आपणांपुढे ठेवीत आहोत. मानेतील रोहिणीच्या शस्त्रक्रियेत रुग्णास संपूर्ण भूल द्यावी, की केवळ मानेपुरती?

मेंदूस रक्त पुरविणाऱ्या या रोहिणीस कॅरोटिड म्हणतात. तिच्यात वयोमानाने मेदाचा थर साचतो. त्याचा कण सुटून मेंदूत अडकला की अर्धांगवायू ओढवतो. म्हणून रोहिणी उघडून तो थर काढतात. १९५३ साली अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी ही शस्त्रक्रिया केली होती.

काम चालू असता रोहिणी चिमट्याने बंद करावी लागते. तेवढा वेळ इतर रोहिण्यांच्या रक्तावर मेंदू तग धरतो की नाही, हाच खरा पेच. मानेपुरती भूल असल्यास रुग्ण जागा असतो. भूलतज्ज्ञ त्यास बोलते ठेवतो, विरुद्ध बाजूच्या हाताने चेंडू दाबावयास सांगतो. वाणी अडखळली किंवा मूठ सैल पडली, की तात्पुरती नळी बसवून रक्त चालू करतात. संपूर्ण भुलेत रुग्ण निश्चल असतो, त्यास भय जाणवत नाही. परंतु मेंदूची खबर यंत्रांकडून अप्रत्यक्षपणेच घ्यावी लागते, आणि नळीही अधिक वेळा बसविली जाते.

यांत श्रेष्ठ कोणती? 'गाला' नामक चाचणीत २४ देशांतील ३,५२६ रुग्ण दोन गटांत विभागले गेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीस दिवसांत पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांचे प्रमाण संपूर्ण भुलेत ४.८ टक्के, तर मानेपुरत्या भुलेत ४.५ टक्के आढळले. हा फरक निर्णायक नव्हे. सबब निवड रुग्ण, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून करावी, हाच त्यातील बोध.

येथेच आपणां दिल्लीकर मराठी कुटुंबांचा प्रश्न उभा राहतो. गावाहून मुलाकडे आलेल्या आईस हिंदी बेताचीच येते. भीतीने तीही विसरते. तिचे गप्प राहणे भाषेमुळे आहे की मेंदूस रक्त कमी पडल्यामुळे, हे डॉक्टरांनी कसे ओळखावे? म्हणून तिची भाषा आणि ऐकू येण्यातील उणीव आधीच सांगावी. "मूठ आवळा", "नाव सांगा", "पाय हलवा" अशी पाचसहा वाक्ये कागदावर लिहून द्यावी. सुदैवाने हिंदी व मराठीची लिपी एकच, तेव्हा येथील डॉक्टरांस ती वाचता येतील. आदल्या दिवशी तिच्याकडून त्यांचा सराव करून घ्यावा. इतके करूनही तिचे मन घाबरत असेल, तर संपूर्ण भूल स्वीकारण्यात कमीपणा मानू नये.

मंडळाने पन्नास वर्षे आपल्या भाषेचा सांभाळ केला, तो सणासुदीपुरता नव्हे. रुग्णालयाच्या दारातही एखाद्या वृद्धेस आपल्या मराठीचा आधार मिळावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.