हवा काढली तरी ब्रेक मऊ का लागतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



बी-बियाणे, खते, फवारणी यांविषयी आपण या कार्यक्रमात नेहमी ऐकता. आज मी बोलणार आहे ते तयार झालेला माल बाजारात नेणाऱ्या गाडीविषयी. पिकअप असो, जीप असो की घरची मोटार असो, तिचा ब्रेक धड नसेल तर वर्षभराची मेहनत एका उतारावर जाते. आणि नुसती मेहनतच नव्हे, माणूसही जातो.

माझं लहानसं वर्कशॉप पुण्यात शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या देवळाजवळच्या एका बोळात आहे. मागे मटाराच्या हंगामात पुरंदर भागातले एक शेतकरी त्यांची पिकअप घेऊन आले. बरोबर विशीतला मुलगा होता, गाडी तोच चालवायचा. रोज पहाटे माल भरायचा, दिवे घाट उतरायचा आणि हडपसरवरून गुलटेकडीचं मार्केट यार्ड गाठायचं. मला म्हणाले, "ब्रेकची हवा तीनदा काढली. अर्धा लिटर ऑइल गेलं. तरी पेडल दाबलं की ओल्या गादीवर पाय ठेवल्यासारखं लागतंय. आज घाटात पोराने चारदा पंप मारला, तेव्हा कुठे गाडी थांबली."

मी विचारलं, "मग माल घेऊन आलात कसे?" ते गप्प राहिले. भाव सापडायचा म्हणून आले, दुसरं काय! मंडळी, आपण सगळे असेच करतो, म्हणून हा विषय.

आधी हवा का नको, ते पाहू. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल नळ्यांतून चाकापर्यंत जोर पोचवतं. ऑइल दाबून लहान होत नाही, हवा होते. जनावरांना टोचायची सिरिंज घ्या. पाणी भरून तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा, तो हलणार नाही. आता थोडी हवा घेऊन दाबा, दांडा आत जाईल आणि सोडला की परत उसळेल. मऊ ब्रेक म्हणजे नेमकं हेच. पायाचा जोर हवा दाबण्यात खर्च होतो, चाकापर्यंत पुरता पोचत नाही.

हवा काढूनही पेडल मऊ राहिलं तर पुन्हा पुन्हा ऑइल ओतत बसू नका. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा आणि पायानेच तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट. एकदा पेडल दाबलं तर खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर येऊन घट्ट लागतं. अशा वेळी दोष बहुधा हवेचा नसतो. मागचे ब्रेक शू आणि ड्रम यांत अंतर वाढलेलं असतं. शू ॲडजस्ट करून घ्या.

दुसरी गोष्ट. पेडल अर्धा मिनिट सारख्या जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठे तरी गळती आहे. चाकांच्या आतली बाजू आणि नळ्यांचे सांधे पाहा. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजून ऑइल आतल्या आत मागे सरकतं. त्याला हवा काढून काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट. पेडल खाली बसत नाही, पण कितीही दाबलं तरी उसळतं, मऊच लागतं. तर मग हवा आत आहे, नाही तर रबरी होज पाइप फुगतो आहे. एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने चाकाजवळच्या होजवर हात ठेवावा. होज फुगलेला जाणवला, तर तो बदलायलाच हवा. शू किंवा पॅड नवे बसवले असतील आणि ते नीट टेकत नसतील, तरीही पेडल काही दिवस लवचिक लागतं.

इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं, तो दोष नव्हे. बूस्टरची मदत मिळाली की तसं होतंच.

आता पुरंदरच्या त्या गाडीचं पाहा. पेडल खाली बसत नव्हतं, होज चांगले होते. मी पुढच्या चाकाखाली वाकून पाहिलं आणि चूक सापडली. गावाकडे पुढच्या दोन्ही कॅलिपरचं रबर किट बदललं होतं. बसवताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता. बसतात दोन्हीकडे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण त्यामुळे हवा काढायचं निपल वर असायला हवं ते खाली आलं. हवा वरच्या पोकळीत बसून राहिली आणि खालून नुसतं ऑइल निघत राहिलं.

मी हे सांगायला लागलो, तर शेतकरीदादाच म्हणाले, "अहो, म्हणजे पाइपलाइनीचा एअर व्हॉल्व्ह चढाच्या टोकाला न बसवता खाली ओढ्यात बसवल्यासारखं झालं की!" याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. कॅलिपर अदलाबदल केले, हवा काढली आणि पहिल्याच दाबात पेडल दगडासारखं लागलं.

हवा काढायची रीतही नीट समजून घ्या. निपलवर पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. मग दुसऱ्याने निपल थोडं सोडायचं, ऑइल आलं की आवळायचं आणि "सोड" म्हणायचं. निपल उघडं असताना पेडल सुटलं तर तिथूनच हवा परत आत ओढली जाते. भराभर पंप मारू नका, त्याने बुडबुडे बारीक होऊन ऑइलात मिसळतात.

बहुतेक गाड्यांत लांबचं चाक आधी घेतात. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा गाडीचं पुस्तक पाहा. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे वरची ऑइलची टाकी मध्येच रिकामी होऊ देणं. विहिरीत पाणी तळाला गेलं की पंप हवा धरतो, तसंच हे. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अलीकडच्या एबीएसच्या गाड्यांत हवा त्या यंत्रात अडकली, तर ती संगणक जोडूनच निघते. तिथे घरी खटपट करू नका.

ऑइलबद्दल एक सांगतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळू नये, असं प्रमाण आहे. ओलावा धरलेल्यासाठी तेच प्रमाण १४० अंशांवर येतं. लांब घाटात ब्रेक तापले की असं जुनं ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडतं. म्हणून सकाळी चांगला असलेला ब्रेक उताराच्या शेवटी दगा देतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल घाला, तेही बंद डब्यातलं. इंजिनचं ऑइल चुकूनही घालू नका. सगळी रबरं फुगून बाद होतात.

लक्षात ठेवा:

१) मऊ पेडल पंप मारून घट्ट होतं, म्हणून गाडी भरून रस्त्यावर काढू नका.
२) निपल नेहमी वरच्या बाजूला हवं. खोललेले भाग डावे-उजवे अशी खूण करून ठेवा.
३) टाकीतलं ऑइल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. बाटलीत काढलेलं ऑइल पुन्हा वापरू नका.
४) काम झाल्यावर आधी जागेवर, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर सावकाश ब्रेक तपासा.
५) घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका. बूस्टरची मदत जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.
६) आपली खात्री नसेल तर जाणत्या मेकॅनिकला दाखवा. यात कमीपणा नाही.

ते दादा संध्याकाळी निघाले, तेव्हा मुलाला म्हणाले, "उद्याचा माल परवा गेला तरी चालेल, पण ब्रेक आधी बघायचा." मंडळी, बाजारभाव आज पडला तर उद्या चढेल. घाटातून घरी परत येणारा माणूस मात्र रोजच्या रोज घरी यायला हवा.