एक पस्तिसांश रणगाडा

रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती जुळविणें हा मुलांचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खोक्यांतून प्लॅस्टिकचे सुटे भाग काढावे, ते चिकटवावे, रंग द्यावा आणि कपाटावर ठेवावें, इतकेंच हें काम असतें, तर त्याविषयीं आपल्यापुढें बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु जाणत्या छांदिष्टास खरा रस वाटतो तो दुरुस्तींत. खोक्यांतला रणगाडा आणि रणांगणावरचा रणगाडा यांतील अंतर शोधून तें भरून काढणें, ही ती दुरुस्ती.

या छंदांत एकास पस्तीस हें प्रमाण विशेष रूढ आहे. पस्तीसच कां? जपानांतील तामिया कंपनीनें १९६१ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याची प्रतिकृति काढली, तेव्हां तिच्या पोटांत विजेची मोटार व बॅटऱ्या मावाव्या एवढा आकार धरला. मागाहून मोजतां तो मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याइतका भरला, आणि तेंच प्रमाण पुढें जगभर रुळलें. त्या काळच्या संचांत मोटारीच्या सोयीसाठीं तळाला भोंकें असत, आणि पट्ट्यांच्या वरची जागा खालून उघडी राही. भोंकें बुजविणें व ही जागा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनें झांकणें, हा दुरुस्तीचा पहिला धडा होय.

दुसरा धडा मोजमापाचा. टी-५५ रणगाड्याची रुंदी सुमारें ३.२७ मीटर, म्हणजे प्रतिकृतींत ती ९३ मिलिमीटर भरली पाहिजे. येथें तीन मिलिमीटरांची चूक झाली, तर ती मूळ रणगाड्यांत दहा सेंटिमीटरांहून अधिक होते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना ज्या कुर्ल्यांत होता, तेथें कानस आणि कॅलिपर यांची महती सांगावयास नको. मात्र कुर्ल्याच्या पावसाळी दमट हवेंत कांहीं रंगांवर पांढुरकी झांक येते. म्हणून उघडीप पाहून, खिडकी उघडी ठेवूनच रंग द्यावा.

तिसरा धडा निरीक्षणाचा. टी-५५ ला प्रत्येक बाजूस पांच चाकें असून पहिल्या व दुसऱ्या चाकांमध्यें अंतर अधिक असतें. पट्टा वरून तोलणाऱ्या लहान चक्र्या त्यास नाहींत. त्यामुळें पट्टा स्वतःच्या भारानें चाकांवर टेकतो. संचांतील रबरी पट्टा ताठ राहतो, तो चाकांवर दाबून चिकटवावा लागतो.

आतां एका लहानशा कड्याची गोष्ट. १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानापाशीं चिनी बनावटीचे टाइप ५९ रणगाडे होते. ते टी-५४ वरूनच घडविलेले असल्यामुळें दुरून आपले कोणते व शत्रूचे कोणते, हें ओळखणें कठीण होतें. या तोफेच्या तोंडाशीं धूर काढून टाकणारें एक फुगीर नळकांडें असतें. आपल्या सैन्यानें टी-५४ व टी-५५ यांच्या तोफेच्या मध्यभागीं तसेंच एक खोटें नळकांडें बसविलें, कीं दुरूनही आपला रणगाडा ओळखूं यावा आणि आपल्याच गोळ्यानें आपलाच जवान बळी पडूं नये. परदेशी संचांत हें नळकांडें बहुधा नसतें. कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून तें तासाभरांत करतां येतें. परंतु तें नसेल, तर त्या युद्धांतला भारतीय रणगाडा तयार झाला असें म्हणतां येणार नाहीं. पुढें आपल्या टी-५५ वर १०५ मिलिमीटरची तोफ चढली. तिचें नळकांडें मध्यभागीं असून खरें असतें, आणि प्रतिकृतींत तिचें छिद्र बरोबर तीन मिलिमीटर भरतें. म्हणून रणगाडा कोणत्या सालचा, हें आधीं ठरवावें.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, येथें १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाडा संग्रहालय आहे. मुलांना तेथें अवश्य न्यावें. चाकें, पोलादी जोड व तोफा तेथें प्रत्यक्ष पाहतां येतात. रंगाच्या बाबतींत मात्र युद्धकालीन छायाचित्रांवर अधिक विसंबावें, कारण संग्रहालयांतील रणगाड्यांना वेळोवेळीं नवा रंग दिला जातो.

खोकें मुलाच्या हातीं देतांना एवढेंच विचारावें: हा रणगाडा कोणाचा, कोणत्या सालचा, आणि तुला तें कशावरून कळलें? उत्तर शोधतां शोधतां तो इतिहासही वाचील आणि मोजपट्टीही हातीं घेईल.