पगाराचा कोड बिलात कसा घुसतो?

आज पायथनमधल्या एका जुन्या भांडणाबद्दल बोलू. कोणत्या मॉड्यूलनं कोणाला इम्पोर्ट करायचं, आणि कोणाला नाही?

समजा, तुमसरच्या एखाद्या राईस मिलसाठी तुम्ही सॉफ्टवेअर करताय. धान खरेदी, साठा, बिल, हमालांची मजुरी, असे चार फोल्डर. मजुरीचा हिशोब बिलावरून निघतो, म्हणून मजुरी बिलाला इम्पोर्ट करते. इथवर ठीक. मग कोणाला तरी बिलात हमालीचा दर हवा असतो आणि तो उलटा इम्पोर्ट टाकतो. झालं, गोल फिरलं! सर्क्युलर इम्पोर्टची एरर आली तर नशीब समजा. लोक काय करतात, तो इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकलतात. एरर जाते, गुंता राहतो. पुढे कोणी हमालीचा दर बदलतो आणि ऐन धानाच्या सीझनमध्ये बिल निघणं बंद. मिलबाहेर ट्रॅक्टर उभे.

पायथन इथं अडवत नाही. नावाआधी अंडरस्कोर लावला तरी ती नुसती विनंती असते.

आता खरं उदाहरण. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट, पायथनमधलं, ओपन सोर्स. 2022 मध्ये आलेल्या 14 व्या व्हर्जनमध्ये एचआर आणि पेरोल त्यातून काढून वेगळं अ‍ॅप केलं. पण एम्प्लॉयी मात्र ईआरपीनेक्स्टमध्येच ठेवला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. माणूस कोण आहे हे टाइमशीटलाही लागतं. त्याचा पगार किती, हे नाही लागत. एचआर अ‍ॅपला ईआरपीनेक्स्ट लागतं, पण ईआरपीनेक्स्ट एचआरशिवाय चालतं. मग पेमेंट झाल्यावर खर्चाचा क्लेम अपडेट कसा होतो? एचआर अ‍ॅप आपल्या हुक्स फाइलमध्ये लिहून ठेवतं: पेमेंट एन्ट्री सबमिट झाली की माझं हे फंक्शन चालव. खालच्याला वरच्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

तीन जणांच्या टीमनं लगेच वेगळं अ‍ॅप काढू नये, असं माझं मत. त्यांच्यासाठी इम्पोर्ट-लिंटर आहे. कॉन्फिग फाइलमध्ये थर लिहायचे: वर मजुरी, खाली बिल, त्याखाली साठा. मालगुजारी तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं ना, इम्पोर्टही तसाच, खालच्या दिशेनंच. उलटा इम्पोर्ट दिसला की सीआय लाल. फंक्शनच्या आत लपवलेलाही सापडतो, आणि तिसऱ्या फाइलमधून वळसा घालून आलेलाही.

पण एक आहे. हे टूल कोड न चालवता फक्त इम्पोर्ट वाचतं. हुक्समध्ये फंक्शनचं नाव स्ट्रिंग म्हणून असतं, ते त्याला दिसत नाही. बिलाच्या कोडनं मजुरीच्या टेबलवर थेट क्वेरी मारली, तर तीही दिसत नाही. तिथं रिव्ह्यू करणाऱ्याचेच डोळे लागतात.

जुन्या प्रोजेक्टवर लावाल तेव्हा पहिल्याच दिवशी ढीगभर चुका दिसतील. घाबरू नका, रात्रभर बसून दुरुस्तही करू नका. सगळ्या इग्नोर यादीत टाका आणि सीआय चालू करा. त्यानंतर कोणी त्या यादीत नवीन ओळ घातली, तर मर्ज करण्याआधी त्याला फोन लावा.