आधी मात, मग सुरुवात

नातीला आठव्या वर्षी बुद्धिबळाची गोडी लागली आणि मी हौसेनं सुरुवातीच्या खेळींवरचा जाडजूड ग्रंथ आणला. पंधरवड्यात पट कपाटावर गेला. चूक माझीच होती.

कापाब्लांकाचं १९२१ सालचं पुस्तक सुरू होतं ते हत्ती आणि राजा मिळून एकट्या राजावर मात कशी करतात, इथून. बॉबी फिशरच्या १९६६च्या पुस्तकात पानोपानी पट मांडून छोटे प्रश्न विचारले आहेत. उत्तर पान उलटल्यावर. मग मी ते आणलं. "आजोबा, सांगू नका, मीच शोधते!" नात ओरडली. पट खाली आला.

मंडळी, पुस्तकाची जाडी पाहू नका. पहिला प्रश्न मुलाला स्वतः सोडवता येतो का, एवढंच पाहा.