दप्तराची साक्ष

(जरीपटका, नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



जरीपटका हे मराठी फौजांच्या निशाणाचे नाव. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांनी नागपुरातील याच नावाच्या वस्तीत नव्याने संसार उभे केले. घरदार, दुकान, शेती तिकडेच राहिली. पुढे १९५० च्या कायद्याने मालमत्तेचे दावे तपासले गेले आणि १९५४ च्या कायद्याने भरपाईची तरतूद झाली. त्या काळात एखाद्या खरेदीखताचे वा कराच्या पावतीचे मोल काय होते, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. गमावलेले सिद्ध करण्याचा भार गमावणाऱ्यावरच पडतो. तेव्हा कागद कामी येतो. म्हणूनच या वस्तीत जर्मनीतील एका दप्तराची हकीकत सांगणे उचित ठरेल. हे दप्तर मात्र लुटणाऱ्याच्या घरचे आहे.

रूर खोऱ्यातील एसेन हे क्रुप घराण्याचे गाव. पोलाद आणि तोफा ही या घराण्याची ओळख. १९०५ साली क्रुप कंपनीने स्वतःचे अभिलेखागार स्थापन केले. जर्मनीतील कंपन्यांच्या अभिलेखागारांत ते सर्वांत जुने मानले जाते. नोव्हेंबर १९४३ मध्ये हिटलरने खास आदेश काढून हा उद्योग एकाच वारसाच्या हाती राहील अशी सोय केली आणि आल्फ्रेड क्रुप एकमेव मालक झाला.

युद्धात जिंकलेल्या प्रदेशात परक्याच्या मालमत्तेचे काय करावे, याचे नियम १९०७ च्या हेग करारात आहेत. ताबा घेणाऱ्या सैन्याला स्वतःच्या गरजेपुरती सामग्री मागता येते. खासगी मालमत्ता मात्र जप्त करता येत नाही आणि लूट सर्वथा निषिद्ध आहे. क्रुपने ही मर्यादा ओलांडली. मार्च १९४३ च्या बॉम्बवर्षावात एसेनमधील वाहनांचा कारखाना उद्ध्वस्त झाला, तेव्हा फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील म्युलूझचा एक कारखाना त्याने ताब्यात घेतला. १९४४ मध्ये दोस्त सैन्य जवळ येताच तेथील यंत्रे उचलून जर्मनीत नेली. लियांकूर येथील एका ज्यू मालकाचा कारखाना भाडेकराराने घेतला. हॉलंडमधूनही यंत्रे गेली.

न्यूरेंबर्ग येथे ८ डिसेंबर १९४७ रोजी आल्फ्रेड क्रुप आणि त्याच्या ११ सहकाऱ्यांवर खटला सुरू झाला. अभियोक्त्यांचे मुख्य बळ होते खुद्द क्रुपच्या कचेरीतील कागद : पत्रे, टिपणे, करारनामे. येथे एक प्रश्न सहज मनात येतो. लुटणाऱ्याने आपल्याच लुटीचा हिशेब का जपून ठेवला? याचे उत्तर त्या लुटीच्या रीतीत आहे. ही लूट दरोडेखोरासारखी रात्री येऊन केलेली नव्हती. ती भाडेकरार, जावक क्रमांक आणि अधिकाऱ्याची सही यांच्या आधारे झाली होती. करणाऱ्यांना तो नेहमीचा कारभार वाटत होता, आणि जिंकणाऱ्याला उद्या कोणी जाब विचारील असे सहसा वाटत नाही.

न्यायालयाने आक्रमक युद्धाच्या कटाच्या आरोपातून सर्वांना मुक्त केले. पुरावा जेथे पुरेसा नाही तेथे शिक्षा नाही, हे त्यांनी पाळले. मात्र ३१ जुलै १९४८ च्या निकालात सहा जणांना लुटीबद्दल आणि अकरा जणांना वेठबिगारीबद्दल दोषी ठरवण्यात आले. आल्फ्रेड क्रुप दोन्हींत होता. त्याला १२ वर्षांचा कारावास आणि संपूर्ण मालमत्तेची जप्ती अशी शिक्षा झाली. जप्तीला पीठाचे अध्यक्ष अँडरसन यांनी असहमती नोंदवली.

पुढे वारे फिरले. शीतयुद्ध पेटले, पश्चिम जर्मनी मित्र झाली. १९५१ च्या आरंभी अमेरिकेचे उच्चायुक्त मॅक्लॉय यांनी क्रुपची सुटका केली आणि मालमत्ताही परत दिली. ती दया होती. दोषसिद्धी काही पुसली गेली नाही.

भारताशीही या कथेचा धागा जुळतो. १९५३ च्या अखेरीस भारत सरकारने रूरकेला पोलाद प्रकल्पासाठी क्रुप आणि देमाग या कंपन्यांशी करार केला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूरहून हावड्याला जाणाऱ्या लोहमार्गावरच ते गाव आहे. नव्या राष्ट्राला पोलाद हवे होते. ते घेण्यात गैर काही नव्हते. पण व्यवहार करणे वेगळे आणि विसरणे वेगळे. त्याच १९५९ च्या डिसेंबरात क्रुपने, कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता, आपल्याकडे राबलेल्या ज्यू वेठबिगारांसाठी १ कोटी मार्कपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले. इतर देशांतून धरून आणलेल्या मजुरांना त्यात वाटा नव्हता.

१९६७ मध्ये आल्फ्रेड क्रुप निवर्तला. त्याची संपत्ती त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे गेली. विज्ञान, आरोग्य, शिक्षण यांना हे प्रतिष्ठान साहाय्य करते. घराण्याच्या व्हिला ह्यूगेल या वास्तूच्या परिसरात अभिलेखागार आहे. कंपनीच्या कागदांसोबत कुटुंबाची पत्रे आणि आल्फ्रेडला छायाचित्रणाचा छंद असल्याने त्याने टिपलेली चित्रेही तेथे जतन झाली आहेत. अशा दप्तरात एक सौम्य, सुसंस्कृत गृहस्थ भेटतो. तो खोटा नाही. पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा न्यूरेंबर्गच्या कागदांत आहे, आणि त्यांच्या प्रती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात राहिल्यामुळे तो झाकता आला नाही. अलीकडच्या वर्षांत खुद्द प्रतिष्ठानानेच संस्थापकाच्या नाझी काळातील वर्तनाचे संशोधन हाती घेतले. सत्तर-ऐंशी वर्षांनी का होईना, कागदाने बोलायला लावले.

यातून घ्यायचा बोध असा. राजकारण बदलते, शिक्षा माफ होतात, साक्षीदार जातात, दप्तर टिकते. परंतु ते एकाच्याच कुलपात असू नये. महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत आले, कारण पराभूतांचा इतिहास जेत्याच्या लेखणीवर सोडायचा नव्हता. जरीपटक्यातील पेट्यांतही दाव्यांचे अर्ज, शिबिराच्या शिधापत्रिका, सिंधी लिपीतील पत्रे असतील. ती लिपी वाचणारे हात आणि डोळे थकत चालले आहेत. प्रत्येक कुटुंबाने घरातील ज्येष्ठांसमवेत एकदा बसावे, कागदांची यादी करावी, कोणता कागद कोणाचा हे लिहून ठेवावे आणि एक प्रत एखाद्या जबाबदार संस्थेकडे सोपवावी. लुटणाऱ्याने आपले दप्तर शंभर वर्षे जपले. लुटल्या गेलेल्यांनी आपले दप्तर वाळवीच्या हवाली करू नये.